जुन्या वास्तूतल्या म्युझियमला हातभार लावायचाय? सोलापूरकरांसाठी पायरी-पायरीने

आमच्या ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी विचारतंच, "आजोबांची तलवार आहे घरात, म्युझियमला द्यायचीय, कुणाला भेटू?" भावना चांगली आहे, पण माझं उत्तर ठरलेलं असतं की तलवार सध्या घरीच राहू द्या आणि आधी तुम्ही या. तलवारी बऱ्याच ठिकाणी आहेत हो. कमी आहे तो माणूस, जो पावसाळ्याआधी गच्चीवर चढून पाणी उतरायचे नळ बघेल, रजिस्टरमधे नीट अक्षरात नोंद करेल आणि पुढच्या शनिवारी परत येईल.

हा लेख नवीन लोकांसाठी आहे. इतिहासाची डिग्री लागत नाही, मोडी वाचता येत नसली तरी चालतं. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. म्युझियम जेव्हा जुन्या वाड्यात, राजवाड्यात किंवा कुणाच्या राहत्या घरात असतं तेव्हा तिथली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ती इमारतच. कपाटातलं नंतर.

पायरी १: आधी बघून या, आणि मालक कोण ते शोधा

आपल्याकडं भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, त्यांच्या घराच्याच जागी. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ ला पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, बाकीचे चौघं परत आले, हा तिथेच राहिला आणि १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेला. चीनमधली माणसं सोलापुरात आली की हे स्मारक बघायला जातात, आणि आपल्यातले कितीतरी जण रोज त्याच चौकातून गाडी मारतात पण आत पाय ठेवलेला नसतो. तसंच अक्कलकोटला. सगळे स्वामींच्या दर्शनाला जातात, पण नव्या राजवाड्यातलं शस्त्रसंग्रहालय बघून येणारे कमीच.

तर पहिलं काम सोपं आहे, तिकीट असेल तर ते काढून (फुकट आत सोडा म्हणून ओळख सांगू नका, तेवढे पैसे द्या) एक तास निवांत फिरा. वस्तूंबरोबर भिंती, छत, कोपरे, वायरिंग, जिन्याखालची जागा सगळं बघा. कुठं ओल आहे, कुठली पाटी वाचता येत नाही, कुठला बल्ब गेलाय हे मोबाईलवर लिहून ठेवा. तिथल्या तिथं कर्मचाऱ्याला ऐकवायचं नाही मात्र. त्याला ते सगळं आधीपासून माहिती असतं, आणि बाहेरून आलेला माणूस पहिल्याच दिवशी चुका काढायला लागला की पुढं कुणी दार उघडत नाही.

मग मालक कोण ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. महापालिकेचं असेल तर परवानगी आयुक्त किंवा संबंधित विभागाकडून, ट्रस्टचं असेल तर विश्वस्तांकडून, राजघराण्याचं किंवा खासगी असेल तर त्या कुटुंबाकडून, आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं असेल तर त्यांच्या ऑफिसातून. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक असेल, आपला भुईकोट किल्ला घ्या, तर तिथं स्वतःच्या मनाने खिळा पण मारायचा नाही. अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या २०० मीटरमधे परवानगी घेऊनच करावं लागतं. "आम्ही सगळे मिळून किल्ल्यात छान बेंच बसवतो" असं एका उत्साही मंडळींचं चाललेलं होतं, त्यांना हे सांगावं लागलं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी "या की कधीपण" यावर विसंबू नका, साहेब बदलले की ते "कधीपण" जातं.

पायरी २: पाणी, पाणी आणि पाणी

हा भाग मोठा होणार आहे कारण निम्मं काम इथंच आहे.

लोक म्हणतात सोलापुरात पाऊस कुठं पडतो ओ. पडतो की. कमी पडतो, पण जो पडतो त्यातला चांगला हिस्सा परतीचा, सप्टेंबरात धो धो, आणि तोपर्यंत सगळे पावसाळा संपला म्हणून निवांत झालेले असतात. त्यात आधी एप्रिल-मे मधे ४२-४३ डिग्रीत तापून जुनं छत तडकलेलं असतं. माळवद म्हणजे मातीचं छत असेल तर विचारूच नका, वरची पांढरी माती भेगाळलेली असते आणि पाणी सरळ तुळईत उतरतं. ओल लागली की मागोमाग वाळवी. वाळवी काय की, पुढच्या बाजूने लाकूड चकाचक ठेवते आणि आतून पोकळ करते, बोटाने ठोकून बघितल्याशिवाय कळत नाही.

तर मे महिन्याच्या शेवटी एक दिवस ठरवा आणि गच्चीवर जा, कर्मचाऱ्याला बरोबर घेऊनच. पन्हाळी आणि पाणी उतरायचे पाईप मोकळे करा, त्यात पारव्यांची घरटी, पतंगाचा मांजा, पिशव्या, काय काय निघतं. पारव्यांची घाण नुसती घाण नसते, त्यातल्या ॲसिडने दगड आणि पत्रा खराब होतो, मास्क लावून पाणी शिंपडून मगच खरवडा. भिंतीतून पिंपळाचं रोप आलं असेल आणि बोटाएवढं असेल तर मुळासकट काढून टाका. मोठं झालेलं असेल तर ओढू नका हं, मुळाबरोबर भिंतीतला दगडच बाहेर येईल. ते जाणकाराचं काम. मग हेच सगळं परत सप्टेंबरच्या सुरवातीला एकदा. या दोन फेऱ्या झाल्या तरी तुम्ही वर्षाचं मोठं काम केलंत.

आता सिमेंट. हा विषय निघाला की माझं डोकं तापतं. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते, ती ओल आत घेते आणि बाहेर सोडते, तिचा तसा स्वभावच आहे. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत अडकते, वाट मिळेल तिथून बाहेर पडायला बघते आणि तिच्याबरोबरचे क्षार दगडाचा, विटेचा पापुद्रा काढतात. दोन वर्षं भिंत छान दिसते आणि मग फुगायला लागते. दगडावर ऑइल पेंट मारला तरी तेच होतं. त्यामुळं कुणी देणगीदार प्रेमाने म्हणाला की "दहा पोती सिमेंट पाठवतो", तर हात जोडून सांगा की त्यापेक्षा चुन्याचं काम येणाऱ्या गवंड्याची मजुरी द्या. असे गवंडी कमी राहिलेत, पण आहेत. मोठं काम असेल तर संवर्धन-वास्तुविशारदाला विचारल्याशिवाय हात लावू नये, इंटॅकसारखी संस्था १९८४ पासून याच कामात आहे, त्यांच्याकडून सल्ला मिळू शकतो.

वायरिंगबद्दल एकच वाक्य, जुन्या लाकडी इमारतीत एका सॉकेटवर पंखा, कूलर आणि दिव्यांची माळ दिसली तर त्याच दिवशी सांगा आणि आग विझवायच्या सिलेंडरवरची तारीख पण बघून घ्या.

पायरी ३: झाडू मारायला शिका (खरंच)

धूळ हा सोलापूरचा बारमाही पाहुणा. पण म्युझियममधे धूळ पुसायची रीत घरासारखी नाही. ओलं फडकं नको, फिनाईल नको, मऊ ब्रशने वरून खाली आणि व्हॅक्युम असेल तर तोंडाला जाळी बांधून. काचेच्या कपाटावर स्प्रे थेट मारायचा नाही, फडक्यावर मारून मग पुसायचं, नाहीतर फटीतून आत जातं. धातूच्या वस्तू आणि फोटोंच्या निगेटिव्ह हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. कागदाला मात्र स्वच्छ धुवून कोरडे केलेले हातच बरे, जाड सुती मोज्यांत पान नीट पकडता येत नाही आणि कोपरा फाटतो. फोटोला कडेने धरायचं.

आणि तांब्या-पितळेची वस्तू, जुनी नाणी, यांना चिंच, लिंबू, राख किंवा घासायची कुठलीही पावडर लावू नका. दिवाळीत समई घासतो तशी शिवराई घासून चकचकीत करून आणणारे लोक आहेत, आणि त्या बिचाऱ्या नाण्यावरची अक्षरंच गेलेली असतात. वरचा तो काळपट-हिरवट थर वाचवायचा असतो, तो गेला की जाणकाराला वाचायला काही उरत नाही.

कापडाचं आपल्याकडं विशेष, कारण हे कापडाचं गाव. जुनी साडी, पागोटं, पहिल्या जमान्यातली चादर घडी घालून ठेवली की वर्षानुवर्षांनी घडीवरच फाटते. त्यामुळं ती नळीवर गुंडाळून ठेवतात. त्यासाठी मांजरपाट लागतो, चाटी गल्लीत मिळेल, पण आणल्यावर दोनदा गरम पाण्यात धुवून खळ काढून टाका, खळीला किडे येतात. टाचण्या, स्टेपल, सेलोटेप यातलं काहीही लावायचं नाही. गंज आणि चिकट डाग जन्मभर राहतात. उजेड कमीत कमी, खिडकीतून थेट ऊन तर नकोच, आपल्या उन्हाने नवीन पडद्यांचे रंग दोन उन्हाळ्यात उडतात तर शंभर वर्षांच्या रंगाचं काय होईल.

पायरी ४: रजिस्टर

कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. प्रत्येक वस्तूला एक नंबर, तो नंबर वस्तूवर आणि रजिस्टरमधे सारखाच, बरोबर वस्तू काय आहे, कशाची, माप किती, अवस्था कशी, कुणी दिली, कधी दिली, कुठल्या कपाटात आहे. एवढ्या रकान्यांचं एक रजिस्टर आणि त्याचीच एक एक्सेल फाईल. नंबर थेट वस्तूवर मार्करने लिहायचा नाही. आधी पॅरालॉइड बी-७२ सारख्या, परत काढता येणाऱ्या लेपाचा छोटा पट्टा द्यायचा, त्यावर लिहायचं. हे जमत नसेल तर सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा, ते पण चालतं.

फोटो काढायला मोबाईल पुरतो. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद, मागं साधं करड्या रंगाचं कापड, शेजारी पट्टी ठेवून. कॉलेजची पोरं यात लई पटापट होतात, चार जण बसवले की दुपारभरात एक कपाट होतं. फक्त एक काळजी घ्या, कुठली मौल्यवान वस्तू कुठल्या खोलीत आणि कुलूप कसलं हे फोटोसकट इन्स्टावर टाकू नका. स्टोरी टाकायचा मोह होतो, कळतं मला.

पायरी ५: आता तलवारीकडं येऊ

द्यायची असेल तर आधी विचारा की हवी आहे का. "नको" म्हणले तर रागावू नका, तिथं जागा नाहीये. "वस्तू ठिवायला कपाट न्हाय ओ, छत गळूलालंय" हे वाक्य मी वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. हो म्हणले तर दानपत्र करा, साधं एका पानाचं. वस्तू कायमची दिली की काही वर्षांसाठी ठेवायला दिली हे त्यात स्पष्ट पाहिजे, नाहीतर पुढची पिढी येऊन "आमच्या आजोबांचं परत द्या" म्हणून भांडते. वस्तू घरात कशी आली ती गोष्ट पण लिहून द्या, अगदी "पणजीला माहेरहून मिळाली" एवढं असलं तरी. जुनी बंदूक असेल तर लायसन्सचा विषय आधी बघा.

कायद्याचं थोडं. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, साधारण १०० वर्षं जुन्या वस्तू आणि ७५ वर्षं जुनी महत्त्वाची हस्तलिखितं त्यात येतात, त्यातल्या मूर्ती-शिल्पांसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि देशाबाहेर पाठवणं तर बंदच. आणि शेतात किंवा घराचा पाया खणताना नाण्यांचं गाडगं सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं की कलेक्टरला कळवायचं असा तो नियम, त्या काळचे दहा रुपये आजही तेच दहा रुपये आहेत. सोनाराकडं परस्पर नेऊ नका एवढंच.

पण मला विचाराल तर सोलापूरला तलवारीपेक्षा दुसरंच काहीतरी हवंय. १८७७ मधे जुनी मिल ही कापडगिरणी सुरू झाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, अख्खं गाव भोंग्यावर उठायचं, आणि आज त्या कामगारांचे पगारकार्ड, गेटचे बिल्ले, धोटे, बॉबिन, नक्षी विणायच्या जेकार्ड मागाचे भोकं पाडलेले पुठ्ठे हे सगळं भंगारात चाललंय. विडी कामगार बायकांचं सूप, कात्री, पान कापायचा पत्रा कुणी जपून ठेवलाय? १९३० ला इंग्रजांनी गावात लावलेल्या मार्शल लॉच्या (लष्करी कायद्याच्या) वेळची पत्रकं, तुरुंगातून आलेली पत्रं, जुनी वर्तमानपत्रं कुणाच्या माळ्यावर असतील तर ती शोधा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं, त्यांचे पुतळे चौकात आहेत, पण त्या दिवसांत गावातली साधी माणसं कशी राहिली त्याचे कागद घराघरात आहेत. वस्तू द्यायची नसेल तर देऊ नका, स्कॅन तरी करू द्या. ६०० डीपीआय ला स्कॅन करून मूळ कागद त्याच संध्याकाळी परत, असं म्हणलं की लोक तयार होतात. लॅमिनेशन मात्र करून आणू नका हो, तो कागद मग कायमचा गेला समजा.

पायरी ६: म्हाताऱ्या माणसांशी बोला

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात घाईचं. गिरणीत, हातमागावर काम केलेली कितीतरी माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, आवाज रेकॉर्ड करा, आधी परवानगी घ्या आणि तीही रेकॉर्डमधेच बोलून घ्या. पंखा बंद ठेवावा लागतो, आणि मे मधे सोलापुरात पंखा बंद म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, म्हणून हे काम थंडीत करा. "तुमचं जीवन कसं होतं" असं विचारलं की माणूस भाषण सुरू करतो. त्यापेक्षा विचारा, पहिल्या पाळीचा भोंगा कधी व्हायचा, डब्यात काय असायचं, पगार झाला की पहिल्यांदा कुठं जायचा. आणि ज्या भाषेत माणूस घरी बोलतो त्या भाषेत बोलू द्या. पूर्व भागातल्या पद्मशाली आजोबांना तेलुगूत विचारा, बाळीवेशीकडच्या आजींना कन्नडमधे, आणि कुणाचं उर्दू-दखनीत चाललं असेल तर तसं. तुम्हाला येत नसेल तर शेजारचा नातू बरोबर घ्या. पाट्या पण जमेल तिथं याच भाषांत व्हायला हव्यात, या गावाला नुसत्या मराठी-इंग्लिशने भागत नाही.

पायरी ७: पैसे

ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी आहे का आणि ८०जी म्हणजे देणगीवर करसवलतीची मान्यता आहे का ते विचारा. रोख दोन हजारांपेक्षा जास्त दिलं तर करसवलत मिळत नाही, त्यामुळं चेक किंवा यूपीआय, आणि ट्रस्टकडून करसवलतीसाठीचं देणगी प्रमाणपत्र मागून घ्या. नवीन करपद्धत निवडली असेल तर ही सवलत नाहीच, तेव्हा सवलतीसाठी देणार असाल तर आधी सीएला फोन करा. पालिकेच्या किंवा सरकारी म्युझियममधे काउंटरवरच्या माणसाच्या हातात पैसे ठेवू नका, त्यालाच अडचण होते. तिथं वस्तू देणं बरं, पण विचारून आणि पोच घेऊन. लोखंडी रॅक, एलईडी दिवे, किडे धरायचे चिकट सापळे, सिलिका जेल, एखादा चांगला स्कॅनर. भिंतीवरचं मोठं घड्याळ आणि त्यावर देणगीदाराचं नाव, हे आता पुरे.

एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत ओळख असेल तर सीएसआर म्हणजे कंपनीचा सामाजिक कामांसाठीचा निधी मिळतो का विचारा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती आणि वारसा जतन स्पष्ट लिहिलेलं आहे, पण बऱ्याच एचआरवाल्यांना शाळा आणि झाडं एवढंच आठवतं. अर्ज नेताना अंदाजपत्रक, मालकाचं पत्र आणि फोटो बरोबर असू द्या. "म्युझियमसाठी मदत" असं मोघम मागितलं तर काही मिळत नाही. "पश्चिमेकडच्या खोलीचं छत, चुन्याचं काम, इतके रुपये" असं मागितलं तर विचार तरी होतो.

पायरी ८: माणसं आत आणा

गुगल मॅपवर वेळ चुकीची असणं हे आपल्याकडचं मोठं दुखणं आहे. जाऊन दारावरची वेळ, सुट्टीचा वार बघा आणि दुरुस्ती सुचवा, दोन मिनिटांचं काम आहे. मराठी विकिपीडियावर त्या वास्तूचा लेख आहे का बघा, नसेल तर चार ओळी लिहा, बाहेरून काढलेला स्वतःचा फोटो टाका.

शाळेची सहल आणायची तर एका वेळी साठ पोरं आणू नका, जुना लाकडी जिना आणि माडी तेवढा भार धरत नाही. वीस-वीसचे गट करा, बाकीचे बाहेर अंगणात. १८ एप्रिल जागतिक वारसा दिन, १८ मे संग्रहालय दिन, नोव्हेंबरात १९ ते २५ वारसा सप्ताह, या तारखा आधीच सांगून ठेवा म्हणजे कर्मचाऱ्यांची धावपळ होत नाही. पण मे मधे दुपारी कार्यक्रम ठेवणारा माणूस सोलापूरचा नसणार, सकाळी आठला उरका. गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत जानेवारीत बाहेरगावचे पाहुणे घरोघरी असतात, सिद्धेश्वराचं दर्शन आणि नंदीध्वज झाले की दुसऱ्या दिवशी सगळे "आता काय" म्हणून बसलेले असतात, तेव्हा त्यांना गाडीत घाला आणि न्या. जाताना आधी एक फोन करून उघडं आहे का विचारा, आणि अभिप्रायाच्या वहीत "छान" असं एका शब्दात न लिहिता काय आवडलं आणि काय दिसलं नाही ते तारखेसकट लिहा. बजेट मागायला साहेबांपुढं ती वहीच नेतात.